खुंटी

पडदा नाहीच. उजेड येतो तेव्हा
भिंतीला एक खुंटी, खुंटीला चार शर्ट,
आणि मी बनियनवर उभा.
इथे पहिला हशा येतो. मी अजून काहीच केलेलं नसतं.

मग सांगतो : भास्कर दोंदे, राहणार म्हसरूळ.
हे एकपात्री आहे, कारण
दुसऱ्या पात्राला द्यायला पैसे नाहीत.

पांढरा शर्ट पहाटे साडेपाचचा. रामकुंड.
गुरुजींच्या मागे दर्भ, तीळ, पिंडांचं ताट घेऊन चालायचं
आणि कावळा शिवत नसला तर
गेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखायचं.
"नातवाचं शिक्षण करू म्हणा." कावळा ढिम्म.
"काकूंना अंतर देणार नाही म्हणा." ढिम्म.
"दुकानाची वाटणी सारखी करू म्हणा."
मोठा भाऊ घसा खाकरतो. धाकटा मोठ्यानं म्हणतो.
कावळा येतो.

मरून शर्ट दुपारचा, धरणापलीकडे, द्राक्षांच्या मळ्यात.
पुण्याच्या पाहुण्यांना ग्लास तिरका धरायला शिकवतो :
"जिभेवर आधी पेरू येईल, मागून ओली माती."
मी स्वतः कोकम सरबताच्या पुढे गेलेलो नाही.
पेरू मात्र मखमलाबादचा खाल्लाय,
त्यामुळे सांगताना डोळे आपोआप मिटतात.
मॅनेजर म्हणतो, दोंदे, तुमच्यात फील आहे.

चेक्सचा शर्ट फोनवर दिसत नाही, तरी घालतो.
चार ते आठ मी रोहित, दिल्लीहून,
सर, आपकी किश्त बाकी है.
एकदा यादीत माझंच नाव आलं.
मी मला फोन लावला.
एंगेज लागला.

"झोपतोस कधी?" कुणीतरी अंधारातून विचारतंच.
मी डोळे मिटून नऊ सेकंद उभा राहतो.
लोक हसतात.
सातव्या सेकंदाला खरंच लागते.

चौथा निळा. सातपूरच्या गेटवरचा, रात्री नऊ ते चार.
प्रयोगाला रजा लागते, रजेला कारण लागतं,
म्हणून मी मावशीला मारतो.
पिंपळगावची कुसुममावशी दिवाळीपासून तीनदा गेली :
एकदा हार्टनं, एकदा मोरीत पडून,
एकदा नुसतीच.
आव्हाड साहेबांना वाटायचं, मला मावश्याच फार.

त्या शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये बावन्न माणसं.
पहिल्या रांगेत मावशी, पिशवीत भाजक्या शेंगा.
शेजारी, मेव्हण्याच्या पासवर आलेले,
आव्हाड साहेब.
ती त्यांना शेंगा देत होती. ते सोलून खात होते.

निळा शर्ट चढवला. बटणं चुकली.
वाक्य माझंच, पण तोंडातून निघेना,
शेवटी निघालं : साहेब, मावशी गेली हो.
आणि पहिल्या रांगेतून, खणखणीत :
"कधी रे?"

असा हशा मी पुन्हा ऐकणार नाही.
आव्हाड साहेब सगळ्यांत उशिरा हसले,
सगळ्यांत जास्त वेळ हसले, डोळे पुसले,
उभं राहून टाळ्या वाजवल्या,
आणि सोमवारी कामावरून काढलं.
कागद हातात देताना म्हणाले,
प्रयोग झकास. ती झोपेची जागा वाढव.

आता खुंटीला तीन शर्ट.
नोकरी गेली की पगार जातो, हे माहीत होतं.
नाटकाची बारा मिनिटं पण जातात,
हे कुणी बोललं नव्हतं.
येवल्याचा प्रयोग तोंडावर, पैसे पूर्ण तासाचे ठरलेले.

रात्री मावशीचा फोन. तिला सगळं कळलेलं.
"मी येते ना. मरते बारा मिनिटं."
"मावशी, एकपात्री आहे गं ते."
"मेलेल्याला कुठं पात्रात धरतात?"
मला उत्तर सुचेना.
ती शेंग फोडत म्हणाली,
"आणि एसटी मला फुकट आहे."